खगोलशास्त्राचं मराठी शब्दकोडं: घरं, जोडाक्षरं आणि सूत्रं कशी जमवायची?

खडूफळा

सहावी ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दर पंधरवड्याला एक कोडं भिंतीवर लावायचं आहे. विषय खगोल आणि अवकाश. एका कोड्यात दहा-बारा शब्द, ए४च्या एका पानावर मावेल इतकं. साठेक शब्दांची यादी तयार आहे, पण पुढं गाडं अडलंय.

एक, इंग्रजी कोडी तयार करून देणाऱ्या संकेतस्थळांवर मराठी शब्द टाकले की काना, वेलांटी, मात्रा वेगवेगळ्या घरांत जाऊन बसतात. 'कृत्तिका'ची आठ घरं होतात आणि निम्म्या घरांत नुसती ठिपक्यांची वर्तुळं दिसतात.

दोन, हातानं करायला बसलं तर शब्द एकमेकांना छेदतच नाहीत. तीन शब्द बसतात, चौथा काही केल्या बसत नाही.

तीन, त्यावर उपाय म्हणून शब्दशोध दिला (अक्षरांच्या चौकटीतून शब्द हुडकून गोल करायचे तो), तर मुलं पाच मिनिटांत फडशा पाडतात आणि एकाही शब्दाचा अर्थ सांगता येत नाही.

शिवाय नावांचा घोळ आहेच. युरेनस लिहायचं, हर्षल की प्रजापती? जाणकारांनी सांगावं.

---

अक्षरगणती

पहिल्या अडचणीचं मूळ सांगतो, म्हणजे उपाय आपोआप कळेल. संगणकाच्या लेखी 'कृत्तिका' म्हणजे क, ऋकाराचं चिन्ह, त, हलन्ताचं चिन्ह, पुन्हा त, ऱ्हस्व वेलांटी, क आणि काना. एकूण आठ खुणा. इंग्रजी शब्दांसाठी लिहिलेली प्रणाली प्रत्येक खुणेला एक घर देते. आपल्याला हवीत तीन घरं: कृ, त्ति, का.

काही नव्या प्रणाली थोड्या शहाण्या असतात, त्या काना-मात्रा अक्षराला चिकटलेल्या ठेवतात. पण त्यातल्या बऱ्याच जोडाक्षर मात्र मधोमध फोडतात आणि चार घरं देतात: कृ, त्, ति, का. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या (संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक मानकाच्या) १५.१ या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर बेतलेलं काहीही वापरलं की हा घोटाळा होणारच. म्हणून कुठलंही साधन वापरण्याआधी कृत्तिका, ज्येष्ठा आणि अगस्त्य हे तीन शब्द टाकून बघा. घरं अनुक्रमे ३, २, ३ आली तर साधन चालेल, नाहीतर सोडून द्या.

सर्वांत बिनत्रासाचा मार्ग साध्या स्प्रेडशीटचा. शब्द टंकतानाच अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडा: 'कृ त्ति का', 'दी र्घि का', 'ख स्व स्ति क'. मग मोकळ्या जागेवर तोडण्याची सोय वापरली (गूगल शीट्समध्ये स्प्लिट, इतरत्र टेक्स्ट टू कॉलम्स) की प्रत्येक अक्षर आपापल्या घरात जातं. लांबी मोजायचं फंक्शन वापरू नका, ते आठच सांगणार. भरलेले रकाने मोजा.

आता दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या असलेल्या गोष्टी. शोधताना किंवा जुळवताना यांच्यामुळे 'दोन्ही सारखे असून जुळत का नाहीत' असं होतं:

'ॲपोलो'तला ॲ हे एकच चिन्ह म्हणून टंकता येतं, किंवा अ वर अर्धचंद्र देऊनही. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला कळतो. 'ताऱ्यांचा' मधला ऱ्या असाच दोन प्रकारांनी टंकला जातो. आणि 'अधःस्वस्तिक' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे दोन ठिपके टाकायची सवय बऱ्याच जणांना असते. यादी एकाच माणसानं, एकाच कळफलकावर टंकावी. निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फायलीतून शब्द उचलू नका. चिकटवल्यावर नुसता कचरा हाती येतो.

---

आडवेउभे

दुसऱ्या अडचणीवर. इंग्रजीत अक्षरं २६, त्यामुळे कुठलाही शब्द कुठंतरी छेदतोच. आपल्याकडे घरात मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे 'क', 'का', 'कि', 'कं' ही चार वेगळी घरं. जोडाक्षरं धरली तर शेकडो शक्यता. म्हणून मराठी कोडं शब्दांपासून सुरू करायचं नसतं, सामाईक अक्षरांपासून करायचं असतं.

अक्षरगणती यांनी सांगितलेल्या स्प्रेडशीटमध्येच पुढं जा. साठ शब्दांची सगळी अक्षरं एका उभ्या रकान्यात घ्या (दोनशेच्या आसपास ओळी होतील), शेजारी शब्द आणि शब्दातलं स्थान लिहा, आणि अक्षरानुसार क्रम लावा. जे अक्षर चार-पाचदा आलंय ते तुमचं खुंटीचं अक्षर. खगोलाच्या यादीत हमखास मिळणारी:

का – आकाशगंगा, दीर्घिका, कृत्तिका, शततारका, प्रकाशवर्ष, उल्का नाही (तिथं ल्का आहे, इथंच चूक होते)
ण – ग्रहण, श्रवण, परिभ्रमण, वरुण
न – परिवलन, पिधान, चंद्रयान, युरेनस
ग्र, ह – उपग्रह, लघुग्रह, बटुग्रह, ग्रहण
ती – युती, स्वाती, रेवती, ययाती, अरुंधती

ज्या शब्दांत एकही खुंटीचं अक्षर नाही (ज्येष्ठा, पुष्य, व्याध, अशी मंडळी) ते या प्रकारच्या कोड्यासाठी नाहीत. ते जोड्या लावा किंवा गटात न बसणारा शब्द ओळखा, अशा ठिकाणी वापरा. हट्टानं कोंबायला गेलात की मग खगोलाशी संबंध नसलेले 'नवरा', 'कारण', 'मामा' असले भरतीचे शब्द घालावे लागतात.

नमुना म्हणून एक छोटा सांगाडा. सहा रकाने, सात ओळी:

■ दी ■ ■ ■ ■
■ र्घि ■ ■ ■ ■
आ का श गं गा ■
र्द्रा ■ त ■ ■ ■
■ ■ ता रा ■ ■
■ ■ र ■ ध्रु ■
■ प्र का श व र्ष

सात शब्द, सहा छेद. पाठीचा कणा म्हणजे 'आकाशगंगा', 'शततारका' आणि 'प्रकाशवर्ष', तिन्ही पाच अक्षरी. लांब शब्द आधी बसवायचे, दोन अक्षरी शब्द शेवटी खाचा भरायला. उलट केलंत तर चौथ्या शब्दाला अडकणार, तेच तुमचं होत असावं.

---

मघा_पूर्वा

सांगाडा छान आहे, पण दोन दुरुस्त्या सुचवते. 'शततारका' आणि 'तारा' शेजारी-शेजारी नकोत, एक सुटला की दुसरा फुकटात मिळतो. आणि 'आर्द्रा', 'ध्रुव' यांना एकेकाच टोकाला आधार आहे, दोन अक्षरांतलं एक आयतं मिळतं. तिन्ही काढा. पाचव्या ओळीत 'घनता' घाला, त्यातलं ता शततारकाच्या ता वरच येतं. शेवटच्या रकान्यात 'मृगशीर्ष' उभा सोडा, तो प्रकाशवर्षाच्या र्ष वर टेकतो:

■ दी ■ ■ ■ ■
■ र्घि ■ ■ ■ ■
आ का श गं गा ■
■ ■ त ■ ■ मृ
घ न ता ■ ■ ग
■ ■ र ■ ■ शी
■ प्र का श व र्ष

आता सूत्रं, म्हणजे उत्तर सुचवणारी वाक्यं (कंसातला आकडा अक्षरांचा). खरं शिकणं घरांत होत नाही, सूत्रांत होतं.

आडवे
२. अंधाऱ्या आकाशात हंस, गरुड, धनू यांमधून जाणारा फिकट पांढरा पट्टा (५)
५. शनीची ही पाण्यापेक्षाही कमी आहे (३)
६. नावात काळ, मोजमाप मात्र अंतराचं, सुमारे ९.४६ लाख कोटी किमी (५)

उभे
१. गुरुत्वाकर्षणानं बांधलेला अब्जावधी सूर्यांचा पसारा. देवयानीतला एम३१ त्यातलाच (३)
३. कुंभेतलं नक्षत्र, नावातच शंभर (५)
४. पाचवं नक्षत्र, पौषाच्या आधीच्या महिन्याला नाव याच्यावरूनच मिळालं (४)

१ आणि २ मुद्दाम एकाच कोड्यात ठेवावेत. मराठीत आकाशगंगा हे आपल्या एकाच दीर्घिकेचं नाव, आणि दीर्घिका हा जातिवाचक शब्द. हिंदीत मात्र कुठल्याही दीर्घिकेला आकाशगंगा म्हणण्याची पद्धत आहे, आणि मुलं हिंदी चित्रफिती बघत असल्यानं तीच सवय लागते. तशीच आणखी काही हिंदी नावं मराठी कोड्यांत शिरलेली दिसतात: क्षुद्रग्रह (आपला लघुग्रह), निहारिका (आपला तेजोमेघ), घूर्णन आणि परिक्रमण (आपलं परिवलन, म्हणजे स्वतःभोवती फिरणं, आणि परिभ्रमण, म्हणजे दुसऱ्याभोवती फिरणं), उल्कापिंड (आपली अशनी). चूक कुणाचीच नाही, भाषा वेगळी. पण पाठ्यपुस्तकात एक आणि भिंतीवर दुसरं असं नको.

ज्या जोड्यांत मुलं हमखास गोंधळतात त्या अक्षरांनीही सारख्याच असतात, हा या विषयातला खरा चकवा. परिवलन आणि परिभ्रमण, दोन्ही पाच घरं, दोन्हींची सुरुवात 'परि'. छेद पहिल्या किंवा दुसऱ्या घरावर दिलात तर चुकीचं उत्तरही बिनबोभाट बसतं. तिसऱ्या घरावर किंवा त्यापुढंच द्यायचा. उपसूर्य आणि अपसूर्य (कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा आणि सर्वांत दूरचा बिंदू) यांचं नेमकं उलटं. चार घरांतलं फक्त पहिलं वेगळं, म्हणून छेद पहिल्याच घरावर हवा. उपभू-अपभूचंही (पृथ्वीपासूनचे तसेच बिंदू) तसंच. युरेनस आणि प्रजापती, दोन्ही चार घरं, एकही अक्षर सारखं नाही. छेद कुठंही चालेल, पण एक तरी हवाच.

ग्रहांच्या नावांबद्दल: शाळेसाठी युरेनस आणि नेपच्यून. 'हर्षल' हे पंचांगात आणि बोलण्यात रुळलेलं नाव, १७८१ मध्ये ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलवरून आलेलं. उत्तर म्हणून नको, पण सूत्रात त्याचा सुरेख उपयोग होतो: 'शोधणाऱ्याच्या नावानं पंचांगात ओळखला जाणारा ग्रह (४)'.

आणि एक सावधगिरी. इंग्रजी कोड्यांतली सूत्रं भाषांतर करून घेऊ नका. तिकडं 'अँड्रोमेडाची आई' असं सूत्र असतं, उत्तर कॅसिओपिया. मराठीत त्या तारकासमूहांना आपण देवयानी आणि शर्मिष्ठा म्हणतो, आणि शर्मिष्ठा ही देवयानीची आई नव्हे, सवत! सेफियसला वृषपर्वा म्हणतो, तो शर्मिष्ठेचा बाप. ग्रीक कथेत तोच तिचा नवरा. पर्सियसला ययाती. चारही नावं आकाशाच्या एकाच भागातल्या शेजाऱ्यांना एकाच कथेतून दिलेली आहेत, पण नाती आपल्या कथेची आहेत. सूत्र करायचं तर 'शुक्राचार्यांची मुलगी, शर्मिष्ठेच्या शेजारी (४)' असं करा.

---

खडूफळा

मंडळी, खूपच नेमकं मिळालं. अक्षरांची यादी क्रमानं लावल्यावर 'का' आणि 'ण' खरंच डोळ्यांत भरले.

अजून दोन शंका. छेदाच्या घरात एका शब्दात ख आणि दुसऱ्यात खं असेल (खग्रास, खंडग्रास) तर चालवून घ्यावं का? आणि 'शनी'चं नी, 'शनिवार'चं नि?

शिवाय ही माझी काही सूत्रं. कशी वाटतात सांगा:
– सर्वांत जास्त उपग्रह असलेला ग्रह
– आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा
– ज्याचा दिवस वर्षापेक्षा मोठा असतो तो ग्रह
– सूर्य वर्षभरात ज्या बारा तारकासमूहांतून जातो त्यांना काय म्हणतात

---

अक्षरगणती

ख आणि खं चालवून घेऊ नका. अनुस्वार अक्षराचाच भाग आहे. वर्तमानपत्रांतल्या कोड्यांत कधी कधी सैल सोडलेलं दिसतं, पण तिथं वेळ घालवणं हा हेतू असतो, शब्द शिकवणं नव्हे.

शनी-शनिवार हा मात्र चुकीचा प्रश्न नाही, शुद्धलेखनाचा धडा आहे. शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार मराठीत दीर्घ, म्हणून शनी, गुरू, रवी, सप्तर्षी, धूमकेतू. तोच संस्कृतातून आलेला शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: शनिवार, गुरुत्वाकर्षण, रविमार्ग. घरं जुळणार नाहीत हे गृहीत धरा आणि कोड्याच्या माथ्यावर एक ओळ टाका: 'ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार जसेच्या तसे जुळले पाहिजेत.'

---

उन्नतांश

सूत्रांबद्दल मी बोलतो. स्पष्टच सांगतो, चारही बदलायला हवीत.

पहिलं शिळं होणारं आहे. २०२३ च्या सुरुवातीला काही महिने गुरू पुढं होता, मग शनी, आणि २०२५ च्या मार्चमध्ये शनीचे १२८ नवे उपग्रह एकदम मान्य झाले, संख्या २७४ वर गेली. शोध लागतात तशी उत्तरं बदलणारी सूत्रं भिंतीवरच्या कोड्यात नकोत. शनी हवा असेल तर त्याच्या टायटन या उपग्रहावरून विचारा: 'दाट वातावरण असलेल्या टायटनचा यजमान (२)'.

दुसऱ्याचं उत्तर सूर्य, व्याध नव्हे. 'रात्रीच्या' हा शब्द राहिलाय. तोही घातला तरी ध्रुव लिहिणारे निघतील, कारण ध्रुव सर्वांत तेजस्वी असतो हा गैरसमज भलताच चिवट आहे. खरं तर तो दुसऱ्या प्रतीचा तारा आहे, तेजस्वितेत पहिल्या चाळिसांतही नाही. 'मृगाच्या पायथ्याशी आग्नेयेला, बाणाची रेघ खाली वाढवली की सापडतो (२)' असं दिलंत तर मुलं रात्री बाहेर जाऊन बघतील. व्याध या शब्दाला छेद मिळत नाही हे वर आलंच आहे. जोड्या लावा मध्ये ठेवा.

तिसरं जवळपास सगळीकडे चुकीचं छापलेलं असतं. शुक्राचं एक परिवलन सुमारे २४३ दिवसांचं, परिभ्रमण सुमारे २२५ दिवसांचं. परिवलनाचा काळ मोठा, हे बरोबर. पण दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ धरला तर तो शुक्रावर पृथ्वीच्या सुमारे ११७ दिवसांइतकाच भरतो, कारण शुक्र उलट्या दिशेनं फिरतो. म्हणून सूत्रात 'दिवस' नको: 'ज्याच्या परिवलनाला परिभ्रमणापेक्षा जास्त वेळ लागतो (२)'. यात परिवलन-परिभ्रमणाची उजळणीही होते.

चौथ्यात राशी आणि तारकासमूह यांची गल्लत आहे. राशी बारा, प्रत्येकी ३० अंशांच्या, क्रांतिवृत्ताचे (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेचे) समान तुकडे. तारकासमूहांच्या ठरवलेल्या सीमा घेतल्या तर सूर्य तेरांतून जातो. तेरावा भुजंगधारी, साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत. एकूण तारकासमूह ८८. 'भुजंगधारी' हा पाच अक्षरी शब्द कोड्याला मस्त आहे: 'सूर्य याच्यातून जातो, तरी याच्या नावाची रास नाही'.

उपसूर्याचं सूत्र देताना थंडीची फोडणी द्या: 'जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी इथं असते, सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किमीवर (४)'. जवळ म्हणजे उन्हाळा या समजाला इथंच सुरुंग लागतो. जुलैतल्या अपसूर्याला हेच अंतर सुमारे १५.२ कोटी.

अवकाश मोहिमांची सूत्रं तारखेवर नको, कामावर हवीत. 'चंद्रयान' साठी '२३ ऑगस्ट २०२३' देऊन पाठांतर होतं. 'याच्या तिसऱ्या फेरीतला विक्रम दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरला (४)' असं दिलं तर निदान काय झालं ते कळतं. मोठ्या मुलांसाठी मुक्तिवेग (४), पृथ्वीसाठी सेकंदाला ११.२ किमी. 'आदित्य' (सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं यान) टाळा असं नाही, पण तो सूर्याभोवती घिरट्या घालतो असं लिहू नका; तो पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमीवरच्या एल१ बिंदूभोवती (सूर्य-पृथ्वीच्या ओढीचा मेळ बसतो त्या जागेभोवती) फिरतो.

जवळची उदाहरणं विसरू नका. 'अशनी' शिकवायला लोणारसारखं दुसरं काही नाही: 'बुलढाणा जिल्ह्यातलं बेसॉल्टमधलं विवर हिच्या आघातानं झालं (३)'. आणि उल्का म्हणजे आकाशात दिसणारी प्रकाशाची रेघ, जमिनीवर हाती येतो तो दगड अशनी. दोन्ही एकाच कोड्यात द्या.

---

आडवेउभे

शब्दशोधाबद्दल राहिलं होतं. पाच मिनिटांत सुटतो याची कारणं तीन असतात.

एक, खाली शब्दांची यादी छापलेली असते. मूल अर्थ न कळता आकार जुळवतं. यादी काढून टाका, तिथं सूत्रं द्या. उत्तर आधी डोक्यात यायला हवं, मग चौकटीत.

दोन, मोकळी घरं भरताना क, ख, ग, म, न अशी साधी अक्षरं टाकलेली असतात. मग 'र्घि', 'ष्ण', 'क्रां' दुरूनच चमकतात. भरतीची अक्षरं त्याच शब्दांमधून घ्या. एखादं 'र्य', एखादं 'त्ति', दोन-चार 'ग्र' फसवे म्हणून पेरा.

तीन, लहान शब्द मोठ्यांच्या पोटात असतात. 'अशनी'त शनी, 'ग्रहण' आणि 'उपग्रह' दोन्हींत ग्रह, 'ध्रुवमत्स्य'मध्ये ध्रुव. मुलं तेच गोल करतात आणि वर 'सापडला की' म्हणून भांडतात. असे आतले शब्द त्या कोड्याच्या उत्तरांत नकोत. चौकट भरून झाली की आडव्या-उभ्या ओळी मोठ्यानं वाचा, नको ते शब्द कानाला लगेच सापडतात.

उजवीकडून डावीकडे आणि खालून वर शब्द टाकू नका. उलटं लिहिलेलं देवनागरी वाचणं हे कौशल्य कुणालाच लागत नाही. तिरपे चालतील.

एक युक्ती, थोडी मेहनतीची. उरलेल्या घरांतून वाक्य निघू द्या. आठ बाय आठच्या चौकटीत घरं ६४. 'धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला' यात अक्षरं १७. म्हणजे शब्दांसाठी घरं ४७. हे बारा बरोबर ४७ भरतात: परिवलन, परिभ्रमण, कृष्णविवर (प्रत्येकी ५), उपसूर्य, अपसूर्य, लघुग्रह, क्रांतिवृत्त, प्रतियुती, तेजोमेघ (प्रत्येकी ४), दीर्घिका, पिधान (प्रत्येकी ३), उल्का (२). शब्द एकमेकांना छेदू द्यायचे नाहीत, नाहीतर घरं उरतील. सगळे शब्द सापडले की उरलेली अक्षरं ओळीनं वाचायची. वाक्य नीट लागलं नाही तर कुठला तरी शब्द चुकलाय हे मुलाला स्वतःलाच कळतं, तपासायला कुणी लागत नाही. यात फसवी अक्षरं पेरता येत नाहीत, तेवढा तोटा.

शब्दसाखळी (शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द) या विषयात करू नका. मंगळ, मूळ, ग्रहण, श्रवण, परिभ्रमण... ळ आणि ण वरून मराठीत शब्दच सुरू होत नाही, साखळी तिथंच तुटते.

---

मघा_पूर्वा

अक्षरं उलटसुलट करून देणार असाल तर तीन अक्षरी शब्द देऊ नका. 'का दी र्घि' याच्या मांडण्या सहाच, विचार न करता सुटतं. पाच अक्षरी घ्या, किंवा दोन शब्दांची अक्षरं एकत्र मिसळा: 'ती पि यु प्र न ति धा' यातून प्रतियुती आणि पिधान वेगळे काढायला डोकं लागतं. सूत्रही दोन द्या. प्रतियुती: पृथ्वीवरून पाहताना ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. पिधान: चंद्रानं एखादा तारा किंवा ग्रह झाकणं. अधिक्रमण त्याच्या उलट, लहान दिसणारी वस्तू मोठ्या बिंबावरून सरकते. शुक्राचं शेवटचं २०१२ च्या जूनमध्ये झालं, पुढचं थेट २११७ मध्ये.

---

अक्षरगणती

छपाईचं तेवढं सांगून ठेवतो. इंग्रजी कोड्याचं ७-८ मिमीचं घर आपल्याला पुरत नाही, मुलांच्या हस्ताक्षरात 'र्घि' किंवा 'स्त्य' त्यात मावत नाही. घर १२ मिमीचं धरा. ए४ वर दोन्हीकडे १५ मिमी समास सोडून १८० मिमी रुंदी उरते, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा रकाने. बारा घेतलेत तर नीट दिसतं. घराचा क्रमांक वरच्या डाव्या कोपऱ्यात अगदी बारीक, ६ पॉइंटचा. त्याहून मोठा केला की पहिली वेलांटी त्याच्यावरच चढते.

उत्तराची चौकट छापताना ओळीची उंची आपोआप ठरू देऊ नका, रफार आणि उकार दोन्ही कापले जातात. अक्षर १८ पॉइंट, घर १२ मिमी, उभ्या दिशेनं मध्यभागी. मजकुराची भाषा मराठी निवडा. काही फॉन्ट नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात, आणि आपल्या यादीत शनी, अशनी, शततारका, लघुग्रह असे शब्द भरपूर आहेत.

---

खडूफळा

१२ मिमीनं पहिली चौकट काढून पाहिली, व्यवस्थित बसतेय. पहिल्या पंधरवड्याला मघा_पूर्वा यांचा सहा शब्दांचा सांगाडा, दुसऱ्याला धूमकेतूच्या वाक्याचा शब्दशोध. 'उपसूर्य' आणि 'अपसूर्य'साठी पहिल्या घरावर छेद हवा, म्हणजे उ आणि अ ने संपणारे किंवा मध्ये उ, अ असलेले शब्द लागतील, आणि ते तर यादीत एकही नाहीत?

---

आडवेउभे

शब्दाच्या मध्ये सुटा अ किंवा उ मराठीत क्वचितच येतो, त्यामुळे तसा शोधूच नका. दोन शब्द एकाच घरातून सुरू करा, एक आडवा, एक उभा. 'उपसूर्य' आडवा, त्याच उ वरून 'उल्का' उभा. 'अपसूर्य' आडवा, त्याच अ वरून 'अभिजित' किंवा 'अनुराधा' उभा. घराला क्रमांक एकच, सूत्रं दोन.